शमा, तू पुढंच उभारायचीस

शमा,

पेपरात तुझा फोटो आला होता. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, जिल्हा संघाच्या निळ्या टी-शर्टातला. वर मथळा, 'गुणी यष्टीरक्षक हरपली'. खाली तू कुठं खेळलीस, किती झेल घेतलेस. मी तो मजकूर तीनदा वाचला आणि त्यात तू मला कुठंच सापडली नाहीस. हेल्मेटच्या जाळीतून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात "टाक की गं, पावणं जेवायला थांबल्यात काय?" म्हणणारी शमा त्यात नव्हती. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात अब्बांच्या शेजारी बसून तांब्याची तार गुंडाळणारी, गिऱ्हाइकानं "मिस्त्री कुठं गेलं?" असं विचारलं की मान वर न करता "हितंच बसलाय की, बोला" म्हणणारी शमाही नव्हती.

तू जाऊन आज सव्वीस दिवस झाले. परवाच्या रविवारी मोसमातली पहिली मॅच झाली. त्या मॅचमध्ये काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण त्याआधी, इतके दिवस जे सांगितलं नाही ते सांगावं लागेल. आणि मी इथं 'गेले, आले' असं लिहितेय म्हणून हसू नकोस. तोंडानं आपण दोघी जन्मभर 'मी गेलो, मी आलो'च म्हणत राहिलो, कोल्हापूरच्या पोरींना दुसरं जमत नाही. कागदावर मात्र तसं लिहायला हात धजत नाही. शाळेतल्या मराठीच्या बाई अजून मागं उभ्या आहेत असं वाटतं.

गेल्या वर्षीचा जानेवारी. उचगावच्या माळावरचं आपलं ग्राउंड, आपल्यातल्याच दोन टीम करून खेळलेली सरावाची मॅच. मी मध्यमगती टाकणारी. माझ्या गतीला बहुतेक कीपर सात-आठ पावलं मागं उभारतात. तू एकटीच अशी, की बोलावलं तर थेट स्टंपाला चिकटून उभारायचीस. कीपर इतकी जवळ असली की बॅटिंग करणारी क्रीज सोडायला धजत नाही, चेंडू हुकला की स्टंपिंग ठरलेलं. त्या दिवशी समोरची सारखी दोन पावलं पुढं येऊन मला डोक्यावरून मारत होती. मी वैतागले होते. मीच हाक मारली, "शमे, पुढं ये."

तू आधी माझ्यापर्यंत चालत आलीस. हातानं डोक्याकडं खूण करून विचारलंस, "हेल्मेट घालू?"

ते किटबॅगेत होतं, बाउंड्रीच्या पलीकडं. आणायला दोन मिनिटं लागली असती.

"एकच ओव्हर ऱ्हायलीया," मी म्हटलं. "उभार की."

हे आपल्या दोघींशिवाय कुणी ऐकलं नाही.

तिसऱ्या चेंडूचा टप्पा मला हवा तिथंच पडला. तिथं खेळपट्टीला भेग होती. चेंडू गुडघ्याएवढा यायचा तो डोक्याएवढा उसळला, बॅट हुकली आणि तू खाली बसलीस. डावा डोळा ग्लोव्हनं दाबून धरलेला. ग्लोव्हच्या बोटांमधून रक्त यायला लागलं तरी तू विचारत होतीस, "आउट हाय काय? लागली व्हती काय बॅट?" मी खेळपट्टीच्या मध्यावर उभी होते. सगळ्या पळत तुझ्याकडं गेल्या. मला पाऊल उचलता येईना.

डोळ्याखालचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून प्लेट बसवली. सगळी टीम तुला भेटून गेली, मी आठ दिवस आले नाही. रोज शाळेत पीटीचे तास घ्यायची, शाळा सुटली की गाडी काढायची, दसरा चौकापर्यंत यायची आणि तिथूनच मागं वळायची. नवव्या दिवशी आले तेव्हा अम्मी तुला चमच्यानं पेज भरवत होत्या. तुझा अर्धा चेहरा काळानिळा. मला बघून म्हणालीस, "काय गं, वाट चुकलीस?"

बस, एवढंच. हेल्मेटचा विषय तू काढला नाहीस. मीही काढला नाही. अम्मींनी मला चहा दिला आणि मी तो प्याले.

पुढचे काही महिने तुझ्या जागी दुसरी मुलगी कीपिंग करायची, लांब मागं उभारून. माझी बॉलिंग बरी पडत होती. मला वाटलं, सुटले यातून. मग पाऊस संपला, ऑक्टोबर आला आणि तू परत आलीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर बघताना तुला एकाचे दोन दिसतील, वेळ लागेल. तू कुणाला ते कळू दिलं नाहीस. पहिल्याच दिवशी हेल्मेट चढवलंस आणि मी न बोलावता येऊन स्टंपाला चिकटून उभारलीस.

माझा पहिला चेंडू लेगला गेला. असा तसा नाही, बॅटिंग करणारीच्या पाठीमागून, तुझा हात पोचणार नाही इतका. दुसरा ऑफला, थेट पहिल्या स्लिपकडं. पोरी हसल्या. तूही हसलीस. "पावसाळ्यात गंज चढला म्हणायचा," असं म्हणालीस.

तो गंज नव्हता. पहिल्या मॅचमध्ये तीन ओव्हरमध्ये सात वाइड. दुसऱ्या मॅचमध्ये कॅप्टननं, आपल्या अश्विनीनं, दोन ओव्हरनंतर माझ्या हातातून चेंडू काढून घेतला. धावत येताना सगळं ठीक असायचं. शेवटच्या दोन पावलांत हाताला काहीतरी व्हायचं. चेंडू बोटांतून लवकर तरी सुटायचा, नाहीतर सुटायचाच नाही आणि पायाजवळ आपटायचा. कुणी म्हणालं बूट बदल. कुणी म्हणालं खांदा दाखव. आईनं मीठ-मिरची ओवाळली. मी रात्री जेवताना ताटाशेजारी चेंडू ठेवून बोटांची पकड बघत बसायची.

आणि या सगळ्यात एक गोष्ट मला पक्की माहीत होती. शाळा सुटल्यावर मी एकटी तिथल्या मैदानावर एक स्टंप रोवून टाकायची तेव्हा दहातले आठ चेंडू जागेवर पडायचे. मागं कुणी नसलं की हात सरळ, तू आलीस की वाकडा. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी सेमीफायनल. आदल्या दिवशी अश्विनीनं टीम वाचली, त्यात माझं नाव नव्हतं. मी सहा वर्षांत एकदाही बाहेर बसले नव्हते. अश्विनी नजर चुकवून म्हणाली, "वैशे, माझ्या एकटीचा निर्णय न्हाय हा. शमानंबी तेच सांगितलं."

मी सरळ दुकानात आले. तू मोटारीच्या पोटात तार भरत होतीस. अब्बा नमाजाला गेले होते, दुकानात आपण दोघीच.

"तू सांगितलंस अश्विनीला?"

"व्हय."

"मला बसवायला?"

"व्हय. मीच सांगितलं." तू तार ओढत राहिलीस. "तू हरवणार हाईस आम्हाला, वैशे. मागनं दिसतंय की मला. पळत येतीस तेव्हा वाघ असतीस आणि टाकताना शेळी."

"दहा वर्षं झाली आपल्याला. तोंडावर बोलायचं व्हतंस."

"आता बोलतोय की तोंडावर!"

मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. तुझी जागा गेली असती तर मी तुझ्यासाठी भांडले असते, असं म्हणाले. तुला माझी जिरवायची आहे, असंही म्हणाले. तारेचं टोक बारीक खाचेतून ओवायचं होतं, आणि ते ओवताना तू डावा डोळा घट्ट मिटून घेतलास. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा गेलं. पूर्वी तू ते काम बोलत बोलत, न बघता करायचीस. मी तो मिटलेला डोळा बघितला आणि पायऱ्या उतरले. तुला वाटलं असेल मी रागानं गेले. राग होताच. पण मला पळवलं त्या डोळ्यानं.

ती सेमीफायनल मी नसतानाही आपण हरलोच. त्यानंतर पाच आठवडे आपण बोललो नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सहा वाजता आईनं मला हलवून उठवलं. "शमा आलीया. दारात उभारलीया, आत यी म्हटलं तर येईना."

बाहेर तू मोपेडवर, पायात पॅड बांधूनच. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं चालल्या होत्या, त्यांच्या आवाजात तुला ओरडून बोलावं लागत होतं.

"चेंडू घे. चल."

"कशाला?"

"बस म्हटल्यावर बसलीस न्हवं? आता ऊठ म्हणतोय तर ऊठ की."

मी चप्पल घातली, परत आत गेले, बूट घालून आले. माळावर पोचल्यावर तू एकच स्टंप रोवलास, हेल्मेट घातलंस आणि त्याला चिकटून उभारलीस.

पहिला चेंडू तुझ्यापासून तीन हात लांबून गेला. तू तो आणायला चालत गेलीस. दुसरा तसाच. तूच आणलास. वीस चेंडू झाले असतील, वीसही वेळा तू गेलीस. मला रडू यायला लागलं होतं, तुझ्यासमोर रडायचं नाही म्हणून मी दात आवळून टाकत होते. एकविसाव्यानंतर तू स्टंपापासून माझ्याकडं चालत आलीस आणि हेल्मेट काढलंस. डोळ्याखालचा व्रण सकाळच्या उजेडात गुलाबी दिसत होता.

"वैशे, तू डोळं मिटतीस."

"काय?"

"चेंडू सोडताना. हात वर आला की डोळं मिटतीस आणि मान फिरवतीस. मला एकटीलाच दिसतंय ते, बाकी कुणाला दिसणार?"

मी चेंडू पँटला घासत राहिले.

"माझ्या डोळ्यामुळं हाय काय हे?"

शमा, त्या वेळी तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतीस. तुझ्या आवाजात राग नव्हता, माझी कीवही नव्हती. डॉक्टर विचारतो तसं विचारलंस, कुठं दुखतंय म्हणून. मी फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर त्याच्या मागून हेल्मेट आलं असतं, ती दोन मिनिटं आली असती, माझं 'उभार की' आलं असतं.

"न्हाय गं," मी म्हटलं. "ऊन येतंय डोळ्यावर."

सूर्य माझ्या पाठीमागं होता.

तू माझ्या खांद्यावरून बघितलंस, सूर्याकडं. मग माझ्याकडं बघितलंस. "बरं," म्हणालीस आणि हेल्मेट परत चढवलंस. "मग आता असं कर. चेंडू कुठंबी पडू दे. लेगला पडू दे, न्हायतर कागलला जाऊन पडू दे. फकस्त डोळं उघडं पायजेत. सहा चेंडू. टाकून झाल्यावर मला सांगायचं, मी काय करत व्हतो."

तिथून सुरुवात झाली. सहाच्या सहा वाइड, पण डोळे उघडे. तू प्रत्येक चेंडूला काहीतरी करायचीस. ग्लोव्ह हलवायचीस, एक पाय उचलायचीस, एकदा तर जीभ काढून दाखवलीस. मला ते बघून सांगावं लागायचं. बघायचं म्हणजे तुझ्या चेहऱ्याकडं बघायचं. पाचव्या दिवशी दोन चेंडू स्टंपाच्या आसपास पडले. तू कौतुक केलं नाहीस, फक्त चेंडू परत फेकलास. दुसऱ्या आठवड्यात माझा रनअप चौदा पावलांवरून अकरावर आणलास. "येवढं लांबनं येतीस तर वाटंत इचार करायला वेळ मिळतोय तुला," असं म्हणालीस. गती थोडी कमी झाली. मी म्हटलं, गती गेली तर माझ्यात राहिलं काय? तू म्हणालीस, "आधी रोज एका जागी पडू दे. मग गती कुठं जातीया!"

रोज सहा ते साडेसात. मग तू दुकानात, मी शाळेत. काही दिवस सगळं मागं जायचं. एका बुधवारी ओळीनं अकरा वाइड टाकले मी. चेंडू जमिनीवर आपटला आणि म्हटलं, मी सोडतो क्रिकेट. तू स्टंपामागून हललीसही नाहीस. "सोड. पर ही ओव्हर संपवून सोड," म्हणालीस. ती संपवली. दुसऱ्या दिवशी परत आले.

मार्च संपता संपता माझे सहातले पाच चेंडू एका रुमालाएवढ्या जागेत पडायला लागले. पण ते माळावर. मॅचचं तुलाही माहीत नव्हतं, मलाही.

एप्रिलमधली ती मॅच पेपरवाल्यांनी दोन ओळींत संपवली होती. अश्विनीनं मला परत घेतलं ते तुझ्या शब्दावर. कुणाला न विचारता तिनं शेवटची ओव्हरही माझ्याकडं दिली, कारण बाकीच्यांचा कोटा संपला होता. चार चेंडू उरले, समोरच्यांना पाच धावा हव्या, दोन विकेट शिल्लक. तू पुढं. अश्विनी मिडऑफवरून ओरडली, "शमा, मागं जा! बाय गेला तर चार जातील!" तू मान हलवलीस. ती परत ओरडली. तू ग्लोव्हनंच 'गप' अशी खूण केलीस. खरं सांगते, त्या क्षणी तू मागं जावंस असं मलाही वाटत होतं.

मी धावत आले. डोळे उघडे होते, शप्पथ. पण घामानं चेंडू सटकला आणि लेगला गेला, जुन्या दिवसांसारखाच. बॅटिंग करणारी तो मारायला ऑफकडं सरकली, तोल गेला, पाय क्रीजबाहेर. ती तुझ्या आणि चेंडूच्या मधे होती. तुला चेंडू दिसायचं काही कारणच नव्हतं, त्यात तो तुझ्या डाव्या डोळ्याच्या बाजूनं आलेला. तू कसा धरलास ते मला अजून कळलेलं नाही. बेल्स उडाल्या. माझ्या बाजूच्या अंपायरनं दोन्ही हात पसरून वाइड दिला आणि मग लेगच्या अंपायरनं बोट वर केलं.

आता तीन नाही, चारच चेंडू होते, वाइड मोजत नाहीत. हव्या होत्या चार धावा आणि शेवटची जोडी मैदानात. मी तुझ्याकडं बघितलं. तू परत स्टंपाला चिकटलेली. मी टाकला. जागेवर. दुसरा जागेवर, एक धाव. तिसरा, चौथा. चारही त्याच रुमालावर. आपण दोन धावांनी जिंकलो.

परतीच्या वाटेवर कट वडा खाताना भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचीस, "ती विकेट माझी. तू वाइड टाकलीस आणि वहीत नाव तुझं." मी म्हणायची, स्टंपिंग बॉलरच्या नावावर जातं, नियम नियम असतो. मग तू म्हणायचीस, "बरं, ती माझी. पण त्या चार चेंडूंत माझं काय न्हाय, ते तुझं. मी नुसता उभारलो व्हतो." त्यावर मला दरवेळी काहीतरी बोलायचं असायचं आणि दरवेळी मी तुझ्या ताटातला वडा उचलायची.

मग पावसाळा, मग ऑक्टोबर. तुला ताप आला तेव्हा तू तीन दिवस दुकानातच बसलीस. चौथ्या दिवशी दाखल केलं, डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स भराभर उतरत होत्या. आपल्या टीममधल्या नऊ जणी रक्तपेढीत गेलो, त्यातल्या पाच जणींना रक्त कमी म्हणून परत पाठवलं. माझं चाललं. मला एवढंच वाटत होतं की माझ्याकडून तुला काहीतरी मिळू दे.

दुपारी चार वाजता भेटायला सोडलं. तुझं तोंड सुजलेलं, ओठ फुटलेले. तू विचारलंस, "पहिली मॅच कधी हाय गं?"

"नोव्हेंबरात."

"तवर उठतो की."

खोलीत आपण दोघीच होतो. अम्मी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी मनाशी ठरवूनच आले होते. म्हटलं, "शमे, त्या दिवशी हेल्मेट..." तू डोळे मिटलेस. झोपलीस की नको म्हणालीस, मला कळलं नाही. तेवढ्यात सिस्टर आल्या, वेळ संपली म्हणाल्या. मी उद्या सांगू म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, माझा सातवीचा तास चालू असताना अश्विनीचा फोन आला.

त्या दिवशी तुझ्या घरात बायकांच्या गर्दीत अम्मींनी मला जवळ ओढलं आणि माझा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. खूप वेळ. मला हात काढून घ्यावासा वाटत होता. काढला नाही.

आता परवाचं सांगते.

तुझ्या जागी प्राजक्ता आली आहे. चंदगडची, एकवीस वर्षांची, बोलायला तुझ्याहून तिखट. आमची बॉलिंग. अश्विनीनं पहिलीच ओव्हर माझ्या हातात दिली. मी अकरा पावलं मोजली, वळले आणि बघितलं तर प्राजक्ता स्टंपाला चिकटून उभारलेली.

मी धावले आणि क्रीजपाशी थांबले. हात वर गेलाच नाही. परत मागं गेले, परत धावले, परत थांबले. अंपायर म्हणाले, "मॅडम, बरं वाटतंय ना?" मिडऑफला अश्विनी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी. समोरून प्राजक्ता चालत माझ्यापर्यंत आली.

"ताई, काय झालं?"

"तू मागं जा."

"कॅप्टननं पुढं उभार म्हटलंय."

"मागं जा म्हणतोय न्हवं! लागंल तुला."

ती हलेना. आणि मग शमा, जे दोन वर्षं तुला सांगता आलं नाही, ते मी या पोरीला सांगून टाकलं. अंपायर चार हातांवर, तरी सांगितलं. "माझ्या चेंडूनं शमाचं हाड मोडलं. मीच तिला पुढं बोलावलं व्हतं. ती हेल्मेट आणतो म्हणत व्हती, मी थांबू दिलं न्हाय. तवापासनं कुणी स्टंपाला चिकटून उभारलं की मला भ्या वाटतंय. तिनं इचारलं तरी मी न्हाय म्हटलं."

प्राजक्तानं माझ्याकडं बघितलं. सांत्वन वगैरे काही केलं नाही. "मग शमाताई परत पुढं उभारल्या काय?"

"व्हय. रोज."

"तुम्ही कबूल केलं न्हाई तरी?"

"तरी."

तिनं ग्लोव्हच्या मुठीनं स्वतःच्या हेल्मेटवर टकटक केलं. "माझं तर डोस्क्यावर हाय. टाका की मग."

आणि ती परत जाऊन उभारली. मी धावले. पहिला चेंडू ऑफ स्टंपाच्या बाहेर, बरा. दुसरा त्याहून बरा. सहाही चेंडू मी अंग चोरून, हळू टाकले. एकही वाइड नाही, एकही धाव नाही. ओव्हर संपली तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती. अश्विनी लांबून टाळ्या वाजवत होती आणि मी मनात म्हणत होते, झालं, आज एवढं पुरे.

माझी दुसरी ओव्हर आली. प्राजक्ता तिथंच, चिकटून. मी वळून धावणार, तेवढ्यात ती ओरडली. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"ताई, जरा जोरात टाका की! झोप याय लागलीया हितं!"

पोरी हसल्या. अंपायरसुद्धा हसले. शमा, मी जोरात टाकला.